वाढणारं टेबल कोपनहेगनात जन्मलं नाही

घरसजावटीच्या पुरवण्यांत दर दिवाळीच्या आगेमागे एक मजकूर हमखास येतो. लहान फ्लॅट, चौघांचं डायनिंग टेबल, पाहुणे आले की दोन्ही टोकांच्या फळ्या ओढायच्या आणि आठ जणांची सोय. शेवटी निष्कर्ष ठरलेला: ही सगळी स्कॅन्डिनेव्हियन डिझाइनची किमया. फर्निचरच्या दुकानातला विक्रेता हेच सांगतो आणि नवं घर लावणारी मंडळी हेच एकमेकांना ऐकवतात. या एका वाक्यात खरं तर तीन दावे आहेत. पहिला, वाढवता येणारं टेबल ही उत्तर युरोपने १९५०च्या सुमारास जगाला दिलेली देणगी. दुसरा, घरं लहान झाली म्हणून ते जन्मलं. तिसरा, निमुळते पाय, फिकट लाकूड आणि नक्षीला फाटा हाच या टेबलाचा प्राण.

पहिला दावा इतिहासापुढे टिकत नाही. दुसरा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवा आहे. तिसऱ्यामुळे गिऱ्हाइकाच्या खिशाला चाट बसते. नुसता वंशावळीचा वाद असता तर तो कलेतिहासाच्या प्राध्यापकांवर सोपवून मोकळं होता आलं असतं. पण चुकीच्या गोष्टीवर विश्वास ठेवून माणसं चाळीस-पन्नास हजारांचं टेबल घेतात आणि पुढची दहा वर्षं ते एकदाही उघडत नाहीत.

पहिल्या दाव्याची तपासणी टेबलाखाली वाकूनच करावी लागते. १९६०च्या आसपासच्या एखाद्या डॅनिश सागवानी टेबलाची फळी ओढून पाहा. बंद टेबलात ही फळी मुख्य तक्त्याखाली दडलेली असते. तिच्या पोटाला दोन लांब लाकडी पट्ट्या जोडलेल्या असतात आणि त्या टेबलाच्या चौकटीत कापलेल्या खाचांतून सरकतात. या पट्ट्या उतरत्या तासलेल्या असतात. फळी ५० सेंटिमीटर लांब आणि तक्ता अडीच सेंटिमीटर जाड असेल, तर ५० सेंटिमीटर बाहेर येता येता फळीला बरोबर अडीच सेंटिमीटर वर चढावं लागतं. म्हणजे उतार वीसास एक. वरचा तक्ता स्क्रूने आवळलेला नसतो. खुंट्यांच्या आधाराने तो नुसता ठेवलेला असतो, वरखाली व्हायला मोकळा. फळी ओढताना तो किंचित उचलला जातो, फळी पुरती बाहेर आली की टक्कन खाली बसतो आणि दोन्ही पृष्ठभाग एका पातळीत येतात. बिजागरी नाही, स्प्रिंग नाही. सगळी करामत त्या उताराची.

हीच रचना, याच उतरत्या पट्ट्या आणि हाच मोकळा तक्ता सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या ओक लाकडाच्या टेबलांत सापडतो. इंग्रजीत त्याला ड्रॉ-टेबल किंवा ड्रॉ-लीफ म्हणतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ते पाहता येतं. चांदबिबी अहमदनगरचा किल्ला लढवत होती त्या काळात इंग्लंड आणि नेदरलँड्समधल्या सधन घरांत हे टेबल रुळलेलं होतं. पाय मात्र मांडीएवढे जाड, मधोमध फुगलेले आणि नक्षीने भरलेले. ते पाय बारीक करा, नक्षी तासून टाका, ओकच्या जागी साग घ्या. खालची यंत्रणा जशीच्या तशी ठेवून तुमचं ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ टेबल तयार होतं.

पुढची वंशावळही उत्तरेकडे जात नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये गेटलेग टेबल आलं: बिजागरीवर खाली लटकणाऱ्या दोन फळ्या आणि त्यांना उचलून धरायला फाटकासारखा उघडणारा पाय. अठराव्या शतकात त्याचं नाजूक भावंड, पेम्ब्रोक टेबल. १८०० साली लँकेस्टरच्या गिलो पेढीतल्या रिचर्ड गिलो यांनी दुर्बिणीच्या नळ्यांसारख्या एकमेकींतून सरकणाऱ्या लाकडी पट्ट्यांच्या टेबलाचं पेटंट घेतलं. टेबलाची दोन टोकं एकमेकांपासून दूर ओढायची आणि मधल्या पोकळीत लागतील तेवढ्या फळ्या बसवायच्या. त्याआधी मोठी मेजवानी म्हणजे तीन-चार टेबलं एकापुढे एक जोडणं आणि जेवणाऱ्यांच्या गुडघ्यांशी पायांची गर्दी. गिलोच्या टेबलाने ती गर्दी कमी केली.

१८३५ साली लंडनच्या रॉबर्ट जुप यांनी गोल टेबल वाढवून दाखवलं. तक्ता मध्यापासून त्रिकोणी भागांत कापलेला. तो हाताने गोल फिरवला की सगळे भाग एकाच वेळी बाहेर सरकायचे, मधल्या फटींत जादा फळ्या घालायच्या आणि टेबल पुन्हा गोलच, फक्त मोठं. आज श्रीमंतांच्या यॉटवर यंत्राने फिरणारी, लाखो रुपयांची जी गोल टेबलं मिरवतात, त्यांची कल्पना या जुपचीच. ‘आधुनिक’ हे बिरुदसुद्धा जुनंच आहे. जेन ऑस्टिनच्या १८१५ साली आलेल्या ‘एमा’ कादंबरीत नायिका घरातलं छोटं पेम्ब्रोक टेबल काढून तिथे मोठं ‘आधुनिक’ गोल टेबल आणते. दुकानदारांनी हा शब्द वापरून वापरून गुळगुळीत केला, त्याला दोनशे वर्षं झाली.

यावर ठरलेला बचाव असा: जुनी टेबलं श्रीमंतांची होती, सामान्यांपर्यंत ती पोहोचवली स्कॅन्डिनेव्हियाने. हेही खरं नाही. १९३०च्या दशकात ब्रिटनमधल्या साध्या मध्यमवर्गीय घरांत ओकचं ड्रॉ-लीफ टेबल इतकं सर्रास होतं की आज तिकडच्या जुन्या बाजारात ते मातीमोल भावाने मिळतं. डॅनिश सागाला जगभर मागणी आली ती त्यानंतर.

स्कॅन्डिनेव्हियन चमत्काराच्या गोष्टीविरुद्ध सगळ्यात वजनदार साक्ष स्वतः डॅनिश लोकांचीच आहे. कारे क्लिंट यांनी १९२४ साली कोपनहेगनच्या रॉयल अकॅडमीत फर्निचरचा वर्ग सुरू केला आणि आधुनिक डॅनिश फर्निचरचा पाया घातला. त्यांची शिकवण्याची पद्धत काय होती? जुन्या वस्तू समोर ठेवायच्या, त्यांची मापं घ्यायची, त्या का टिकल्या ते शोधायचं आणि अनावश्यक तेवढं काढायचं. त्यांची १९२७ची गाजलेली लाल खुर्ची अठराव्या शतकातल्या इंग्लिश चिपेंडेल खुर्चीवरून आली. १९३३ची ‘सफारी’ खुर्ची तर आपल्याकडून गेली. ब्रिटिश लष्करातले अधिकारी हिंदुस्थानात छावणीवर जी सुटी करून बांधता येणारी खुर्ची वापरत, तिचं नाव रुरकी खुर्ची, गंगेच्या कालव्याकाठच्या रुरकी गावावरून पडलेलं. सुटे दांडे, चामड्याचे पट्टे, आणि ओबडधोबड जमिनीवरही चारही पाय टेकतात. क्लिंटनी तिचंच शुद्धीकरण केलं आणि ती डॅनिश आधुनिकतेची खूण म्हणून म्युझियममध्ये गेली.

हान्स वेग्नर यांची १९४४ची ‘चायना’ खुर्ची जुन्या चिनी खुर्चीवरून बेतलेली. नावातच त्यांनी ते कबूल केलं. बोर्गे मोगेन्सेन यांनी अमेरिकेतल्या शेकर पंथाच्या साध्या फर्निचरपासून शिकवण घेतली. क्लिंटनंतर त्यांच्या जागी प्राध्यापक झालेले ओले वान्शर फर्निचरचे इतिहासकारच होते. या माणसांनी आम्ही शून्यातून काही निर्माण केलं असा आव कधी आणला नाही. मग तो आव आणला कोणी? १९५४ ते १९५७ या काळात ‘डिझाइन इन स्कॅन्डिनेव्हिया’ नावाचं प्रदर्शन अमेरिका आणि कॅनडातल्या शहरांतून फिरलं. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड या चार देशांचा वेगवेगळा माल एका नावाखाली परदेशी गिऱ्हाइकासमोर मांडणं हा त्याचा हेतू होता. व्यापार म्हणून ते अतिशय हुशारीचं होतं आणि त्यात गैर काहीच नाही. पण निर्यातीसाठी लावलेल्या लेबलाला आपण आज इतिहास समजतो.

डॅनिश लोकांचं श्रेय नाकारायचं कारण नाही. ते योग्य जागी ठेवायचं. चारशे वर्षांची जड यंत्रणा त्यांनी हलक्या चौकटीत बसवली, गुडघ्यांना जागा मोकळी केली, यंत्रावर कापलेल्या लाकडाला हाताच्या कारागिराची सफाई दिली. मोगेन्सेन १९४२पासून एफडीबी या ग्राहक सहकारी संस्थेच्या फर्निचर विभागाचे प्रमुख होते आणि कामगारांना परवडतील असे नमुने त्यांनी तिथे काढले. सहकाराच्या जोरावर चांगली वस्तू सामान्य घरात जाऊ शकते हे महाराष्ट्राला वेगळं समजावून सांगायला नको. हे मोठं काम आहे. त्याला शोध म्हटलं की त्या कामाचीही नीट ओळख राहत नाही आणि ज्यांनी शोध लावला ते निनावी सुतारही पुसले जातात.

आता दुसरा दावा: घरं लहान झाली म्हणून टेबल वाढायला शिकलं. वाढणाऱ्या टेबलांची दोन कुळं आहेत आणि या दाव्यात त्यांची सरमिसळ झालेली असते. एक कूळ मिटणाऱ्या टेबलांचं: गेटलेग, पेम्ब्रोक, भिंतीला लावून ठेवायची घडीची टेबलं. यांचं काम जागा मोकळी करणं, आणि हे काम रोजचं. दुसरं कूळ लांबणाऱ्या टेबलांचं: ड्रॉ-लीफ, गिलोचं सरकतं टेबल, जुपचं गोल टेबल. यांचं काम जादा माणसं बसवणं, आणि तेही प्रसंगापुरतं. हे दुसरं कूळ अडचणीच्या घरात जन्मलेलं नाही. सोळाव्या शतकातला डच व्यापारी किंवा गिलोचा जमीनदार गिऱ्हाईक जागेला मोताद नव्हता. त्याला वेगळी काळजी होती: आज सहा पानं, उद्या सोळा, आणि सहांनी सोळांच्या टेबलावर बसणं बरं दिसत नाही. टेबलाची लांबी ही त्याच्या प्रतिष्ठेची गोष्ट होती.

जागेची चणचण भागवण्याचा आधुनिक विचार पहिल्या कुळाच्या अंगाने आला, आणि तोही मुख्यतः फ्रँकफुर्ट आणि पॅरिसमधून. १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर आखलं. १९२९ साली त्याच शहरात आधुनिक वास्तुकारांची परिषद भरली, तिचा विषयच कमीत कमी जागेतलं घर हा होता. शार्लोत पेरियां यांनी १९२८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या टेबलाचा तक्ता रबर चढवलेल्या पट्ट्यांचा होता. भिंतीलगतच्या पेटीतून तो हवा तेवढा बाहेर ओढायचा. या यादीत एक स्वीडिश नाव मानाने येतं. ब्रुनो माथसन यांचं १९३६चं ‘मारिया’ टेबल मिटल्यावर जेमतेम वीतभर रुंदीचं होतं आणि उघडल्यावर पावणेतीन मीटरहून लांब. पण त्याचे पाय पाहा. ते सतराव्या शतकातल्या इंग्लिश गेटलेगचे आहेत, फक्त सडपातळ झालेले.

दोन कुळांतला हा फरक मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये भलताच महाग पडतो. साधा हिशेब करू. टेबलावर माणशी ६० सेंटिमीटर रुंदी लागते. १२० सेंटिमीटरचं टेबल दोन्ही टोकांच्या ४५-४५च्या फळ्या ओढून २१० झालं की आठ जण बसतात: दोन्ही बाजूंना तिघे-तिघे, टोकांना एकेक. आता खुर्ची मागे सरकवून माणसाला उठता यावं म्हणून प्रत्येक बाजूला किमान ७५ सेंटिमीटर धरा. लांबीत झाले ३६० सेंटिमीटर, म्हणजे जवळपास बारा फूट. टेबल ९० रुंद असेल तर रुंदीत २४०, म्हणजे आठ फूट. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफा, टीव्हीचं युनिट आणि चपलांचं कपाट आधीच ठाण मांडून बसलेलं. त्यातच हे टेबल उघडायचं, आणि नेमकं त्या दिवशी, ज्या दिवशी घरात माणसं जास्त असतात. म्हणजे लांबणारं टेबल जागा वाचवतं हे म्हणणं साफ उलटं आहे. जागेची टंचाई सगळ्यात जास्त असते तेव्हाच ते जागा मागतं. शिवाय वरच्या चार खुर्च्यांचं काय? त्या टेबलातून निघत नाहीत. माळ्यावरची प्लास्टिकची स्टुलं उतरवावी लागतात.

ज्याला खरोखर जागा हवी त्याने मिटणाऱ्या कुळातलं टेबल घ्यावं: भिंतीला लागणारं, रोज दोघांसाठी अर्धं उघडणारं. ज्याच्याकडे मोठा हॉल आहे आणि वर्षातून चारदा पाहुण्यांचा राबता आहे, त्याने लांबणारं घ्यावं. दुकानात मात्र दोन्हींवर ‘स्पेस सेव्हिंग स्कॅन्डिनेव्हियन’ असं एकच लेबल असतं. त्यामुळे वन बीएचकेवाला लांबणारं टेबल घरी आणतो आणि ते कायमचं मिटलेलं ठेवतो, म्हणजेच चौघांच्या टेबलाला आठांच्या टेबलाचे पैसे मोजतो.

इथे दुसऱ्या टोकाचा आवाज ऐकू येतो, त्यालाही उत्तर द्यायला हवं. ‘हे सगळं आपल्याकडे होतंच की! पंगत हेच खरं वाढणारं टेबल. पाट मांडा, पानं वाढा, पन्नास माणसं आली तरी ओळ लांबवली की झालं.’ जादा पाहुण्यांचा प्रश्न पंगतीने फर्निचरशिवाय सोडवला हे खरंच आहे, आणि गणपतीच्या दिवशी आजही कित्येक घरांत टेबल भिंतीला सारून जमिनीवरच पानं मांडली जातात, कारण तेच सोयीचं पडतं. पण एकाच प्रश्नाची दोन स्वतंत्र उत्तरं असली म्हणून एक दुसऱ्याचा बाप ठरत नाही. ड्रॉ-लीफच्या उतरत्या पट्टीत पंगतीचा कोणताही अंश नाही. आणि पंगतीच्या लवचीकपणाचे गोडवे गाताना तिचा ताठरपणाही आठवावा: कोण पहिल्या पंगतीला, कोण शेवटच्या, कोण कोणाबरोबर बसणारच नाही आणि वाढणाऱ्या बायका कधी जेवणार, हे सगळं पक्कं ठरलेलं असायचं. प्रभावांच्या इतिहासात आपला खरा वाटा हवा असेल तर तो रुरकीच्या खुर्चीत आहे. तोसुद्धा लष्करी अभियंत्यांच्या छावणीतून, ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या गरजेपोटी आलेला. तेवढाच सांगावा, तो पुरेसा रंजक आहे.

तिसरा दावा रूपाचा. फिकट लाकूड आणि निमुळते पाय म्हणजेच अस्सल. पण ज्या डॅनिश टेबलांवरून हा साचा पडला ती बहुतेक सागाची होती, आणि साग डेन्मार्कमध्ये उगवत नाही. कोपनहेगनात १८९७ साली स्थापन झालेल्या ईस्ट एशियाटिक कंपनीचा सयाममधल्या सागाचा मोठा व्यापार होता, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर आग्नेय आशियातलं हे लाकूड डॅनिश कारखान्यांत मुबलक येऊ लागलं. डॅनिश फर्निचरचा तो प्रसिद्ध मधाळ तपकिरी रंग मुळात आशियाच्या जंगलांचा. आज मराठी गिऱ्हाईक घरच्या आजोबांच्या सागवानी टेबलाला जुनाट म्हणून भंगारात देतं आणि ‘स्कॅन्डिनेव्हियन’ म्हणून रबरवुडचं पांढुरकं टेबल आणतं. याहून मोठा विनोद शोधायला नको.

रूपावर भाळण्याचं नुकसान यंत्रणेत दिसतं. निमुळता पाय चारही कोपऱ्यांवर खिळलेला आणि फळ्या पायांच्या बाहेर अधांतरी, अशा टेबलाच्या टोकाला कोणी कोपर टेकून भार दिला तर सांध्यावर किती ताण येतो ते विचारा. तक्ता, फळी आणि खालची चौकट अशी तिहेरी जाडी झाल्यावर ४५ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीत बसलेल्याच्या मांड्या खाली मावतात का ते बसून पाहा. सरकत्या पट्ट्या लाकडाच्या असतील तर कोकणच्या आणि मुंबईच्या पावसाळी दमटपणात त्या फुगतात आणि अडतात. जाणता सुतार त्यांत थोडी फट राखतो आणि वरून मेण घासतो, पण बंद खोक्यातून सुटे भाग आणून जोडणारा मुलगा ते करत नाही. वर्षभर तक्त्याखाली अंधारात राहिलेल्या फळीचा आणि उजेडात राहिलेल्या तक्त्याचा रंग वेगळा होतो. म्हणून फळी अधूनमधून उघडी ठेवावी लागते. या गोष्टी कॅटलॉगच्या फोटोत दिसत नाहीत.

म्हणून टेबल घेताना ते कोणत्या देशाच्या शैलीचं हे विचारायची गरज नाही. तीन प्रश्न पुरेत. हे मिटणारं आहे की लांबणारं? पूर्ण उघडल्यावर खुर्च्यांसकट माझ्या खोलीत मावतं का, हे टेपने मोजून दाखवता का? आणि फळीखालची पट्टी कशाची आहे, ती माझ्यासमोर ओढून दाखवा. तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तर टेबल कोपनहेगनचं असो, दिल्लीच्या कीर्तीनगर फर्निचर बाजारातलं असो की गल्लीतल्या सुताराचं, पैसे मोजायला हरकत नाही. उत्तराऐवजी पुन्हा स्कॅन्डिनेव्हियाचं नाव ऐकू आलं, तर तुम्ही टेबलाचे नव्हे, त्या नावाचे पैसे देणार आहात हे समजून दुकानाबाहेर पडा.